वाटांची भूमिती

मेघनाद साहांच्या पुढाकाराने १९३० मध्ये अलाहाबादेत विज्ञान अकादमी सुरू झाली. तिच्या पत्रिकेच्या पहिल्याच खंडात, १९३१-३२ साली, तीन पानांचा एक गणिती लेख छापून आला. बूर्बाकी यांच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार, हा त्याचा विषय. हे बूर्बाकी म्हणजे फारसे कुणाला ठाऊक नसलेले एक रशियन गणितज्ञ, राज्यक्रांतीच्या काळात विषप्रयोगाने मेलेले, असा खुलासा त्यात होता. प्रत्यक्षात असा माणूस कधी जन्मलाच नव्हता. लेखक होते दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला. वय जेमतेम चोवीस. नोकरी अलीगढ विद्यापीठात.

नाव सुचवलं होतं आंद्रे वेय यांनी. हा फ्रेंच गणितज्ञ १९३० च्या आरंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अलीगढला गणित विभागाचा प्रमुख म्हणून येऊन दाखल झाला होता. पॅरिसच्या ज्या नामांकित संस्थेत तो शिकला, तिथे १९२३ मध्ये राउल ह्युसाँ या विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून, प्राध्यापक असल्याचा आव आणून एक निरर्थक व्याख्यान दिलं होतं आणि त्यातल्या अखेरच्या प्रमेयाला बूर्बाकी या फ्रेंच सेनापतीचं नाव दिलं होतं. वेय यांनी ही हकिगत कोसंबींना सांगितली. कोसंबींचं एका सहकाऱ्याशी वाजलेलं होतं. त्याची जिरवायला हे नाव कामी आलं. पुढे १९३५ च्या सुमारास वेय आणि त्यांच्या तरुण फ्रेंच मित्रांनी सगळ्या गणिताची पुनर्मांडणी करायचा घाट घातला आणि आपल्या मंडळासाठी तेच टोपणनाव घेतलं. निकोला बूर्बाकी हे नाव विसाव्या शतकाच्या गणितात अजरामर झालं. गणिती नियतकालिकात ते पहिल्यांदा उमटलं ते कोसंबींच्या लेखात.

गणिताच्या इतिहासावरच्या पुस्तकांत कोसंबींचं नाव बहुधा या एका गमतीपुरतं येतं. महाराष्ट्रात ते येतं भारतीय इतिहासाचे भाष्यकार म्हणून, भर्तृहरीचे संपादक म्हणून, डोंगरकपारीतल्या देवींची ठाणी शोधत हिंडणारे संशोधक म्हणून. दोन्हीकडे मधला भाग गळतो. तिशीच्या दशकात हा माणूस भूमितीच्या अगदी आघाडीच्या प्रश्नावर काम करत होता, आणि त्या कामाला एली कार्तां यांच्यासारख्या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ भूमितितज्ज्ञाने छापील उत्तर दिलं होतं. कोसंबींच्या इतिहासलेखनावर आपल्याकडे इतके वाद झाले, इतकी पानं भरली, पण या दहा-बारा वर्षांच्या कामाची मराठीत म्हणावी तशी विचारपूस झाली नाही, ही गोष्ट मला खटकते.

त्यांच्या प्रश्नाचं महत्त्व कळायला सुमारे ऐंशी वर्षं मागे जावं लागतं.

१० जून १८५४ रोजी जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात बर्नहार्ड रीमान या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने भूमितीच्या पायाभूत गृहीतकांवर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत सत्त्याहत्तर वर्षांचे गाउस होते, आणि रीमानने सुचवलेल्या तीन विषयांतून हा तिसरा विषय त्यांनीच निवडला होता. रीमानने मांडलं ते असं. अवकाश म्हणजे आधीपासून पसरून ठेवलेला सपाट पट, असं मानायचं कारण नाही. अवकाशातल्या प्रत्येक बिंदूपाशी, अगदी जवळच्या दुसऱ्या बिंदूपर्यंतचं अंतर कसं मोजायचं याचा नियम द्या. बाकी सगळी भूमिती त्यातून आपोआप निघते. हा नियम जागोजागी बदलू शकतो. त्या बदलण्यातून वक्रता येते. युक्लिडची भूमिती म्हणजे हा नियम सगळीकडे सारखा आणि सर्वांत साधा असण्याची एक खास अवस्था. हे व्याख्यान छापून आलं १८६८ मध्ये. तोवर रीमान एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने वारला होता.

रीमानच्या भूमितीत अंतर हे मूळ. दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत 'सरळ' वाट, कोन, क्षेत्रफळ, वक्रता हे सगळं अंतरावरून ठरतं. इटलीत रिची आणि त्यांचे शिष्य लेव्ही-चिव्हिता यांनी या भूमितीची आकडेमोड करणारी भाषा घडवली, जिला आज आपण टेन्सरचं गणित म्हणतो. ती भाषा शिकून घेऊन आइन्स्टाइननी १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त लिहिला आणि एका दिवसात, म्हटलं तरी चालेल, ही भूमिती जगाचं वर्णन करणारी भूमिती झाली. सूर्याभोवती फिरणारा ग्रह कुठल्याही दोरीने ओढला जात नाही. तो वक्र अवकाश-काळातली त्याच्या दृष्टीने सरळ असलेली वाट चालतो.

पण आइन्स्टाइनच्या यशानेच एक नवा प्रश्न पुढे आला. १९१७ मध्ये लेव्ही-चिव्हितांनी वक्र पृष्ठावरून एखादी दिशा 'स्वतःशी समांतर' ठेवत पुढे कशी न्यायची ते दाखवलं. दुसऱ्याच वर्षी हेर्मान व्हाइल यांच्या लक्षात आलं की या समांतर नेण्याला अंतराची गरजच नाही. समांतर म्हणजे काय याचा नियम थेट दिला, तरी भूमिती उभी राहते. मग अमेरिकेत, प्रिन्स्टनला, ऑस्वाल्ड व्हेब्लेन आणि लूथर आयझेनहार्ट यांनी १९२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी वाटांपासूनच सुरुवात केली. निसर्गात आपल्याला दिसतं ते काय? पडणारा दगड, फिरणारा ग्रह, धावणारा किरण. म्हणजे वाटा. अंतर ही मागाहून आपण मांडलेली गोष्ट. तेव्हा वाटांची समीकरणं हाच मूळ मुद्दा समजून भूमिती का रचू नये? या शाखेला 'वाटांची भूमिती' असंच नाव पडलं. १९२७-२८ मध्ये जेसी डग्लस यांनी ती आणखी व्यापक केली. १९३६ मध्ये फील्ड्स पदकं पहिल्यांदा दिली गेली, तेव्हाच्या दोन मानकऱ्यांतले एक ते हेच डग्लस, अर्थात वेगळ्या कामासाठी.

या सगळ्या घडामोडी चालू असताना कोसंबी अमेरिकेत होते. वडील धर्मानंद हे पालीचे आणि बौद्ध धर्माचे पंडित. विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलावलं, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेतल्या केंब्रिजला गेला. शालेय शिक्षण तिथे झालं, मध्ये भारतात एक फेरी झाली, आणि १९२९ मध्ये तो हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणिताचे तिथले दिग्गज जॉर्ज बर्कहॉफ यांनी या मुलाने सगळी शक्ती गणितातच लावावी असा आग्रह धरला होता. मुलगा मात्र भाषा, इतिहास, जे समोर येईल ते शिकत होता. शेजारच्याच एमआयटीतल्या नॉर्बर्ट वीनर यांच्याशी जुळलेली मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. पदवी मिळाली, पण पुढच्या शिक्षणाची सोय झाली नाही आणि कोसंबी भारतात परतले. डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नाही. या माणसाच्या नावामागची सगळ्यात मोठी गणिती पदवी बी.ए. हीच.

परतल्यावर पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. पहिला शोधनिबंध १९३० चा, लंबवर्तुळाकार कक्षेच्या हळूहळू फिरत जाण्याबद्दलचा, म्हणजे ग्रहाच्या वाटेबद्दलचा. वेय यांची भेटही बनारसलाच झाली. वेय अलीगढचा विभाग नव्याने उभा करत होते. दक्षिणेतल्या विजयराघवन यांना त्यांनी आणलं आणि १९३१ मध्ये कोसंबींनाही. तीन तरुण, तिघेही पंचविशी-तिशीतले, संयुक्त प्रांतातल्या एका गावात बसून पॅरिस आणि प्रिन्स्टनच्या बरोबरीचं गणित करताहेत, हे चित्र फार काळ टिकलं नाही. विजयराघवन ढाक्याला गेले, १९३२ मध्ये वेय यांची नेमणूक संपवली गेली आणि पुढे कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्यांचे वडील पूर्वी तिथेच पाली शिकवत.

आता मूळ कामाकडे.

व्हेब्लेन-आयझेनहार्ट यांच्या वाटा मोकळ्या असल्या तरी त्यांना एक बंधन होतं. वाटेवर चालणाऱ्या बिंदूचं त्वरण त्याच्या वेगाच्या घटकांच्या गुणाकारांतूनच यावं, अशी त्यांच्या समीकरणांची घडण होती. रीमानच्या सरळ वाटांची समीकरणं तशीच असतात, म्हणून ही मर्यादा स्वाभाविक वाटे. डग्लसनी ती सैल केली, पण वेग दुप्पट केला तर त्वरण चौपट व्हायलाच हवं ही अट ठेवली. कोसंबींनी ही अटही काढून टाकली. वस्तू कुठे आहे, किती वेगाने कुठल्या दिशेला जाते आहे आणि घड्याळात किती वाजले आहेत, या तीन गोष्टी सांगितल्या की तिचं त्वरण ठरतं. हे ठरण्याचा नियम काहीही असो. न्यूटनची सगळी यामिकी या वर्णनात बसते. हवेचा विरोध सोसत जाणारा चेंडू बसतो, लंबक बसतो, काळाबरोबर बदलणारं बलक्षेत्रही बसतं. दुसऱ्या कोटीच्या अवकल समीकरणांचा असा कुठलाही संच घ्या, कोसंबी म्हणतात, आणि मला सांगा: याच्या पोटात कुठली भूमिती दडलेली आहे?

डोंगरात नवख्या माणसाला सोडलं, हातात नकाशा नाही, मोजपट्टी नाही, दिसताहेत फक्त पायवाटा, तर त्या पायवाटा एकमेकींजवळ कशा येतात आणि कशा पांगतात एवढ्यावरून त्याने डोंगराचा आकार ओळखायचा, अशा प्रकारची ही मागणी आहे. आणि कोसंबींनी नेमका तोच धागा पकडला. एक वाट घ्या. तिच्या अगदी शेजारून जाणारी दुसरी वाट घ्या. दोघींमधलं अंतर, खरं तर दोघींमधला सूक्ष्म फरक, पुढे जाताना कसा बदलतो ते पाहा.

पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्तावरून दोन जहाजं अगदी उत्तरेला निघाली तर सुरुवातीला ती समांतर असतात, तरीही पुढे जवळ येत जातात आणि ध्रुवावर भेटतात. सपाट पटावर ती कधी जवळ येणार नाहीत. घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठावर दूर दूर जातील. हे जवळ येणं किंवा दूर जाणं म्हणजेच वक्रता. गोल बाहेरून पाहायची गरज नाही. रीमानच्या अवकाशातल्या शेजारवाटांचं असं समीकरण लेव्ही-चिव्हितांनी १९२० च्या दशकात लिहिलं होतं. कोसंबींच्या मोकळ्या वाटांसाठी तसं समीकरण लिहिता येत होतं, पण त्यात एक अडचण होती. अवकाशातली स्थानं दर्शवायला आपण जे अक्ष आणि जे आकडे वापरतो ते बदलले की समीकरणाचं रूपही बदले. त्यातलं निसर्गाचं किती आणि आपल्या मोजणीचं किती, हे वेगळं काढता येईना.

यावर कोसंबींनी काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. त्यांनी आधी समांतरतेची व्याख्या करून तिच्यावरून शेजारवाटांचं समीकरण काढलं नाही. क्रम उलटा केला. शेजारवाटांचं समीकरण अक्ष बदलले तरी अर्थ न बदलणाऱ्या रूपात यायला हवं, अशी अट घातली आणि त्या अटीलाच विचारलं: यासाठी वाटेवरून जाताना होणारा बदल कशा रीतीने मोजावा लागेल? उत्तर एकच निघालं. बदल मोजायची ती रीत म्हणजेच त्या अवकाशातली समांतरता. आणि त्या रीतीने समीकरण लिहिलं की एक राशी आपोआप शिल्लक राहते, जी शेजारच्या वाटा या वाटेकडे ओढल्या जातात की तिच्यापासून पांगतात हे सांगते. ती वक्रता. ना अंतर, ना मोजपट्टी. समांतरता आणि वक्रता दोन्ही केवळ वाटांच्या वागण्यातून बाहेर आली.

'पॅरलेलिझम अँड पाथ-स्पेसेस' हा त्यांचा निबंध १९३३ मध्ये जर्मनीतल्या 'मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट'च्या सदतिसाव्या खंडात ६०८ ते ६१८ या पानांवर छापला गेला. त्याच्या पाठोपाठ, ६१९ व्या पानापासून, एली कार्तां यांचं टिपण सुरू होतं; शीर्षकच 'आधीच्या निबंधावरील निरीक्षणं' या अर्थाचं. कार्तां तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. पॅरिसच्या भूमितीचे ते पितामह. आइन्स्टाइन ज्यांच्याशी पत्रांतून भूमितीची चर्चा करत ते हेच. अशा माणसाने, पदवीपलीकडे काही न शिकलेल्या पंचविशीतल्या भारतीय तरुणाच्या कामावर, त्याच अंकात, लगतच्या पानांवर लिहावं ही साधी गोष्ट नव्हती. कार्तांनी कोसंबींचाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवून दाखवला. दोघांच्या वाटा वेगळ्या, पोहोचण्याचं ठिकाण मिळतंजुळतं. कोसंबींच्या मांडणीत ज्या गोष्टी हिशेबातून निघतात, त्या कार्तांच्या मांडणीत भूमितीच्या अंगाने दिसतात. गणितात वरिष्ठाकडून मिळणारी याहून मोठी पावती दुसरी नसते: तो तुमचा प्रश्न आपला मानतो.

त्या निबंधात आणि मागेपुढे लिहिलेल्या दोन-तीन निबंधांत कोसंबी आणखी एका प्रश्नाशी झुंजत होते, आणि माझ्या मते त्यांचा खरा जीव त्यातच होता. वाटा हाती आहेत. त्या वाटांवरून अंतराचा असा एखादा नियम शोधता येईल का, की ज्याच्या दृष्टीने याच वाटा सर्वांत आखूड ठरतील? प्रकाशकिरण कमीत कमी वेळाची वाट धरतो हे फर्मानी सतराव्या शतकात ओळखलं होतं. यामिकीची जवळजवळ सगळी समीकरणं अशा एखाद्या काटकसरीच्या तत्त्वातून निघतात. पण सगळीच निघतात का? उलटं जाऊन, समीकरणांवरून तत्त्व गाठता येतं का? १९३२ मध्ये रोमच्या लिंचेई अकादमीच्या वृत्तांतात कोसंबींचं फ्रेंच भाषेतलं टिपण आलं ते भूमिती आणि काटकसरीचं हे गणित यांच्या नात्यावर; त्याच वर्षी अलाहाबादच्या पत्रिकेतही त्यांनी हाच प्रश्न मांडला. विनोदासाठी वापरलेली पत्रिका आणि गंभीर कामासाठी वापरलेली पत्रिका एकच, हेही त्या काळच्या भारतीय विज्ञानाचं वास्तव. मुद्रण साधं, वाचक थोडे, परदेशात पोहोचण्याची शक्यता बेताची. म्हणून कोसंबी एकच विचार इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, वेगवेगळ्या देशांत छापत राहिले.

पुण्यातल्या वर्षांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. फर्ग्युसनची गणिताची परंपरा मोठी आणि तिचा रुबाबही मोठा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले आणि मराठी माणसाच्या तोंडी 'रँग्लर' हा शब्द कायमचा बसला. कोसंबी आले तेव्हा प्राचार्य होते गणेश सखाराम महाजनी, तेही रँग्लरच. मराठी मध्यमवर्गाच्या मनात गणिताची प्रतिमा घडली ती या परीक्षेवरून: कठीण प्रश्न, ठरावीक वेळ, लखलखीत उत्तर. या प्रतिमेने आपल्याला उत्तम शिक्षक दिले आणि गणिताबद्दल आदर दिला, त्याचं ऋण मोठंच आहे. पण ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न स्वतः उभा करणं, वर्षानुवर्षं त्याच्याशी राहणं, हा गणिताचा दुसरा चेहरा तिच्यात नीट दिसत नव्हता. हार्वर्डहून आलेले कोसंबी त्या चेहऱ्याचे. वर्गात बीजगणित-भूमितीचा नेहमीचा अभ्यासक्रम, आणि टेबलावर कार्तांना उत्तर देणारे कागद, असं त्यांचं जगणं होतं.

तरीही काम थांबलं नाही. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. १९३५ आणि १९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये निबंध आले: एक दुसऱ्या कोटीच्या समीकरणसंचांवर, दुसरा त्याहून वरच्या कोटीच्या वाटांवर, तिसरा वाटांची भूमिती विश्वरचनेला लावणारा. १९३८ मध्ये पॅरिसच्या अकादमीच्या वृत्तांतात विश्वरचनेवरचंच आणखी एक टिपण.

आणि १९३९ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. शिंग-शेन चर्न हे चिनी गणितज्ञ १९३६-३७ मध्ये पॅरिसला कार्तांजवळ शिकले आणि मायदेशी परतले, तोच जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. त्यांचं विद्यापीठ आधी चांग्शाला आणि मग दूर नैर्ऋत्येला कुन्मिंगला हलवलं गेलं. बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला. त्या काळात चर्न यांनी कोसंबी आणि कार्तां यांचाच प्रश्न हाती घेतला, त्यांनी गृहीत धरलेल्या चौकटीहून व्यापक चौकटीत तो सोडवला, आणि त्यांचा निबंध १९३९ मध्ये फ्रान्समधल्या 'ब्युलतँ दे सियाँस मातेमातिक'मध्ये आला. पुढे चर्न विसाव्या शतकाच्या भूमितीतलं सर्वांत मोठं नाव झाले. आज या विषयाला 'कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धान्त' म्हणतात. समीकरणांच्या कुठल्याही संचाची भूमिती पूर्णपणे सांगणाऱ्या पाच अपरिवर्तनीय राशी या सिद्धान्तात येतात. त्यांतली दुसरी म्हणजे वाटांचं जवळ येणं-पांगणं सांगणारी कोसंबींची वक्रता. पाचवीला डग्लस यांचं नाव आहे. पराधीन देशातल्या महाविद्यालयातला एक शिक्षक, पॅरिसमधला एक वृद्ध आचार्य आणि युद्धाने हुसकावलेल्या विद्यापीठातला एक तरुण, यांचं हे काम. सिद्धान्ताच्या नावातलं पहिलं नाव पुण्यातून आलेलं आहे.

१९४० नंतर कोसंबींच्या गणिताचं वळण बदललं. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायचं म्हणून त्यांनी ते मुळापासून आत्मसात केलं आणि प्रत्यक्ष वापरून पाहायला तक्षशिलेच्या प्राचीन आहत नाण्यांचे ढीग हाती घेतले. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याचं वजन किती घटतं, यावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधायचा. इतिहासाचं दार त्यांना असं उघडलं. पण भूमिती सुटली नव्हती. १९४३ मधला त्यांचा 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा निबंध म्हणजे अनंत मितींच्या अवकाशात संख्याशास्त्र नेणं: प्रत्येक वक्ररेषा हा एक बिंदू मानायचा आणि अशा बिंदूंचा पसारा कुठल्या मुख्य दिशांना आहे ते शोधायचं. हीच कल्पना काही वर्षांनी फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. द्रवांच्या खळबळीपासून चित्रांच्या संक्षेपणापर्यंत आज ती वापरात आहे. १९४४ मध्ये गुणसूत्रांवरची अंतरं मोजण्यासाठी त्यांनी दिलेलं सूत्र मात्र त्यांच्याच नावाने टिकलं. पिकांच्या जाती सुधारणारे शास्त्रज्ञ 'कोसंबी फलन' रोज वापरतात. त्यातल्या कित्येकांना हा माणूस भूमितीवाला होता याची कल्पना नसेल.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि पहिल्या काही जणांत कोसंबींना बोलावलं. संस्था बेंगळुरूहून मुंबईत आली, कोसंबी पुण्यातच राहिले. भांडारकर संस्थेजवळचं घर आणि मुंबई यांच्यामधला त्यांचा डेक्कन क्वीनचा प्रवास वर्षानुवर्षं चालला. १९४८-४९ मध्ये ते प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत राहिले, आइन्स्टाइनशी बोलले, शिकागोला टेन्सरवर व्याख्यानं दिली. वाटांची भूमिती हा तेव्हाही त्यांचा विषय होता, पण काळ पुढे सरकला होता. भूमितीचं लक्ष आता सबंध आकाराच्या ठेवणीकडे गेलं होतं, आणि त्या दिशेला नेणाऱ्यांत चर्न अग्रभागी होते. बूर्बाकी मंडळाची शिस्तबद्ध, अमूर्त भाषा सगळीकडे पसरत होती. समीकरणांवर हात चालवत पुढे जाण्याची कोसंबींची रीत मागे पडली.

त्यानंतरचं दशक भूमितीच्या दृष्टीने उणं होत गेलं. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. १९५९ मध्ये संभाव्यतेच्या मार्गाने रीमानच्याच, पण मूळ संख्यांशी निगडित असलेल्या, दुसऱ्या एका गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही, आणि त्यांच्या गणिती लौकिकाला त्याचा जबर फटका बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. या शेवटच्या अध्यायावरून त्यांचं सगळं गणित जोखणारे पुष्कळ आहेत. १९३३ चा निबंध उघडून पाहणाऱ्याला तसं करता येणार नाही. २९ जून १९६६ रोजी, एकोणसाठावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात कोसंबी वारले.

त्यांची वक्रता पुढे कामाला लागली ती त्यांना अपेक्षित नसलेल्या ठिकाणी. कुठलीही व्यवस्था काळाबरोबर कशी बदलते हे सांगणारी समीकरणं असली की शेजारच्या शक्यता एकत्र येतात की पांगतात हे विचारता येतं. एकत्र येत असतील तर व्यवस्था स्थिर, पांगत असतील तर छोटीशी चूकही मोठी होणार. कॅनडातल्या पीटर अँटोनेली यांनी हा सिद्धान्त प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या संख्येतल्या चढउतारांना लावला. हवामानाच्या साध्या प्रतिकृतींत दिसणारी लॉरेन्झची गोंधळी समीकरणं, विश्वाच्या प्रसरणाच्या प्रतिकृती, यांवरही तो लावून पाहिला गेला. यांतल्या बहुतेक व्यवस्थांत अंतर मोजायला काही नसतंच. ससे आणि लांडगे यांच्या संख्यांमध्ये मोजपट्टी कुठून आणणार? म्हणूनच ज्या भूमितीला मोजपट्टीची गरज नाही ती इथे उपयोगी पडते.

कोसंबींच्या निवडक गणिती निबंधांचा संग्रह रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केला आणि तो २०१६ मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या, जुन्या, बंद पडलेल्या नियतकालिकांतून हे निबंध गोळा करावे लागले. आता ते एका ठिकाणी आहेत, आणि गणितात पदवीपर्यंत शिकलेल्या कुणालाही १९३३ चा निबंध आणि त्याच्या शेजारचं कार्तांचं टिपण थोड्या चिकाटीने वाचता येईल. मराठी विद्यार्थ्याने ते वाचावेत, आणि कोसंबींवर पुढचं पुस्तक लिहिणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.